उपवासाची भाजणी: पुड्यातली, सुटी की गिरणीवरची?

उपवासाची भाजणी कोल्हापुरात तीन तऱ्हांनी मिळते. कंपन्यांचे बंद पुडे मिळतात. किराणा दुकानात किंवा घरगुती पदार्थ विकणाऱ्यांकडे ती किलोवर सुटी मिळते. आणि तिसरी तऱ्हा म्हणजे लक्ष्मीपुरीतून वरी, राजगिरा, साबुदाणा आणायचा, घरी भाजायचा आणि गिरणीवरून दळून घ्यायचा. तिन्हींची थालीपिठं एकाच मापाने, एकाच तव्यावर लावली की फरक पहिल्याच घासाला कळतो. निकाल आधीच सांगून टाकायचा तर थालीपिठासाठी गिरणीवरच्या भाजणीला तोड नाही, पुडा अडीअडचणीला चालतो, आणि सुटी भाजणी घेऊ नये. वरी घातलेली तर नाहीच नाही.

थालीपिठाचीच कसोटी घ्यायचं कारण सोपं आहे. शिरा, लापशी, धिरडं यांत भाजणीचे दोष झाकले जातात. तूप, साखर, ताक काहीतरी सांभाळून घेतं. थालीपीठ मात्र हातावर थापायचं असतं आणि तव्यावरून अखंड उलटायचं असतं. रोजच्या भाजणीत गहू असतो, डाळी असतात, त्यांच्या जोरावर पीठ धरून राहतं. उपवासाच्या भाजणीत यातलं काहीच नाही. जो काही चिकटपणा येतो तो साबुदाणा, राजगिरा आणि वरून घातलेला बटाटा यांच्या पिष्टातून. त्यामुळे प्रमाण जरा चुकलं की पीठ एकतर रबरासारखं ताणतं नाहीतर थापताना कडेने फाटतं.

कोण काय करतं ते आधी बघू. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं जवळपास निव्वळ पिष्ट. आपल्याकडे येणारा बहुतेक माल तामिळनाडूतल्या सेलम भागातला. तो पीठ धरून ठेवतो आणि थालीपिठाला कडेने कुरकुरीतपणा देतो, पण जास्त झाला की गार झाल्यावर थालीपीठ चिवट होतं, दाताने तोडावं लागतं. वरी हलकी, मोकळी. तिच्यामुळे खुसखुशीतपणा येतो. ती जास्त झाली तर थालीपीठ कोरडं पडतं आणि तडकतं. राजगिऱ्याने चव येते, रंग येतो, थोडा लोण्यासारखा मऊपणाही येतो. मात्र तो फार झाला तर पीठ हाताला चिकटतं, तव्यावर लवकर काळं पडतं आणि मागे किंचित कडू चव राहते. शिंगाड्याचं पीठ थोडं घातलं तर कडा छान खरपूस होतात. नसलं तरी अडत नाही.

आता बंद पुडे. एका-एका कंपनीचं नाव घेऊन उपयोग नाही, कारण दोष बहुतेकांचा एकच आहे: साबुदाणा जास्त. हे ओळखायला पुडा फोडायचीही गरज नाही. पाठीमागे घटकांची यादी असते आणि नियमाप्रमाणे ती वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. साबुदाणा पहिल्या नंबरवर असेल तर पुड्यात तोच सर्वांत जास्त आहे. वरी किंवा राजगिरा पहिला असलेला पुडा शोधा, मिळतो. त्याच यादीखाली बारीक अक्षरांत ॲलर्जीची सूचना असते. या कारखान्यात गहू, सोयाबीनही हाताळलं जातं असं तिथे लिहिलेलं असेल आणि घरात कडक उपवास पाळणारं कुणी असेल, तर तो पुडा त्यांच्या कामाचा नाही. हे दुकानात उभं राहून वाचायचं, घरी आणून वाचलं तर वाद होतात.

पुड्याची दुसरी खोड म्हणजे काहींत मीठ, जिरे, क्वचित मिरचीही आधीच घातलेली असते. आपण सवयीने वरून मीठ घालतो आणि थालीपीठ खारट होतं. कोरडी भाजणी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा. काही पुड्यांत शेंगदाण्याचं कूटही असतं. ऐकायला सोयीचं वाटतं, पण कुटातलं तेल सुटतं आणि पुडा फोडल्यावर थोड्याच दिवसांत खवट वास यायला लागतो. कूट ताजं, आयत्या वेळी घातलेलंच चांगलं. पुड्याच्या बाजूने सांगायचं तर तो स्वच्छ असतो, खडे नसतात, तारीख छापलेली असते, आणि दळण इतकं एकसारखं असतं की पाण्याचा अंदाज एकदा बसला की बसला. एकट्यादुकट्याने राहणाऱ्याला, आषाढीच्या आदल्या रात्री आठवण झालेल्याला किंवा महिन्यात दोनच एकादश्या धरणाऱ्याला पुडा बरा पडतो. त्यात एक सुधारणा मात्र कराच: पुड्यातल्या चार वाट्या भाजणीला एक वाटी राजगिऱ्याचं पीठ कोरडंच भाजून मिसळा. चिवटपणा बराच कमी होतो.

सुट्या भाजणीबद्दल बोलताना हात आखडता घेण्यात अर्थ नाही. चवीला ती कधीकधी पुड्यापेक्षा सरस असते, कारण घरगुती करणाऱ्या बायका भाजण्यात कसर ठेवत नाहीत. प्रश्न वरीचा आहे. वरीला, म्हणजे भगरीला, ओल लागली की बुरशी धरते. दाण्यापेक्षा पिठाला लवकर धरते. आणि पिठात ती डोळ्याला दिसत नाही. नवरात्र, महाशिवरात्रीच्या आसपास भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या राज्यात पुन्हा पुन्हा येतात. मळमळ, उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं अशी लक्षणं असतात. सुटी भगर आणि भगरीचं तयार पीठ घेऊ नका असं अन्न व औषध प्रशासनही सणांच्या आधी सांगतं. भाजल्याने बुरशी मरते, पण तिने आधीच तयार केलेलं विष भाजून जाईलच असं नाही. त्यामुळे 'चांगली खमंग भाजलीय' हे इथे उत्तर होत नाही. भाजणी कधी दळली, वरी कुठली, पोतं कधी फोडलं, यातलं काहीच सुट्या डब्यावर लिहिलेलं नसतं. घरगुती करणाऱ्या बाई ओळखीच्या असतील, सीलबंद वरी वापरत असतील आणि पाकिटावर दळल्याची तारीख घालून देत असतील तर गोष्ट वेगळी. तेवढं विचारायला लाजू नये.

तरी ती घ्यायची वेळ आलीच तर दोन चाचण्या दुकानातच होतात. चिमूटभर भाजणी तळहातावर चोळून वास घ्या. कुबट किंवा ओलसर पोत्यासारखा वास आला तर तिथेच ठेवून द्या. मग रंग बघा. नीट भाजलेली भाजणी फिकट बदामी असते. पांढरीफेक दिसली तर साबुदाणा न भाजता दळलाय. तिसरी चाचणी घरची. दोन चमचे भाजणी कोमट पाण्यात घट्ट कालवून दहा मिनिटं ठेवा आणि गोळी ताणून बघा. तार सुटल्यासारखी ताणली तर साबुदाणा जास्त, भुगा होऊन तुटली तर वरी जास्त. ही चाचणी पुड्यालाही लागू आहे.

गिरणीवरच्या भाजणीचं माप असं: वरी ३०० ग्रॅम, राजगिरा २०० ग्रॅम, साबुदाणा २०० ग्रॅम, जिरे १० ग्रॅम, आणि दळून आणल्यावर मिसळायला शिंगाड्याचं पीठ ५० ग्रॅम. साधारण पाऊण किलो भाजणी होते, चौघांच्या घराला महिनाभर पुरते. पुष्कळ घरी तिन्ही सम प्रमाणात घेतात. तेही चालतं, फक्त गार झाल्यावर खायचं असेल, म्हणजे डब्यात न्यायचं असेल, तर साबुदाणा कमीच बरा.

साबुदाणा नेहमीचा, पांढरा, मध्यम दाण्याचा घ्या. पारदर्शक दिसणारा नायलॉन साबुदाणा तळून चिवड्याला करायचा, भाजणीला नको. वरी बंद पाकिटातली, तारीख पाहून घ्या. घरी आल्यावर ताटात पसरून नीट निवडा. काळपट किंवा बुरसट दाणे, जाळी, गाठी दिसल्या तर सगळं पाकीट टाकायचं, निवडून वापरायचं नाही. राजगिऱ्यात बारीक रेती असते, ती निवडून निघत नाही. बारीक चाळणीने चाळा. धुवायचा तर कापडावर दोन दिवस खडखडीत वाळवल्याशिवाय भाजायला घेऊ नका. पावसाळ्यात धुण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं. कोल्हापूरचा आषाढ म्हणजे कपडे वाळत नाहीत तिथे राजगिरा काय वाळणार.

सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र टाकलं की राजगिरा जळतो आणि साबुदाणा कच्चा राहतो. साबुदाण्याला जाड बुडाची कढई आणि मंद-मध्यम आच, ८ ते १० मिनिटं, हात थांबवायचा नाही. त्याचा रंग फारसा बदलत नाही, त्यामुळे डोळ्यावर विसंबू नका. दाणा किंचित फुगतो, हलका होतो, आणि बोटांत दाबला की कुरकुरून फुटतो, ती खूण. आच मोठी केली तर वरून तांबूस होतो आणि आत दगड राहतो. तो दगड गिरणीत नीट पिसला जात नाही आणि थालीपिठात दाताखाली कचकचतो. लोक खडा आला म्हणतात, तो बहुतेक वेळा हा कच्चा साबुदाणा असतो.

वरीला ४ ते ५ मिनिटं पुरतात. खमंग वास आला आणि दाणा हाताला हलका लागला की काढायची. राजगिरा सर्वांत शेवटी, मंद आचेवर, दोन-तीन मिनिटं. काही दाणे तडतडायला लागले की उतरवा. सगळ्याच्या लाह्या करू नका. लाह्या हलक्या असतात, पाट्यांत वरच्यावर फिरत राहतात आणि दळण एकसारखं येत नाही. जिरे फक्त गरम करायचे. मग सगळं परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, अगदी तळाला हात लावून बघा. कोमट धान्य डब्यात भरून गिरणीला नेलं की आत वाफ धरते आणि पिठाला दुसऱ्याच दिवशी वास येतो.

गिरणीची निवड हा या सगळ्यातला अर्धा भाग आहे. नेहमीच्या गिरणीत पाट्यांमध्ये गहू-ज्वारीचं पीठ बसलेलं असतंच. नवरात्राच्या आधी काही गिरणीवाले एक चक्की उपवासाच्या दळणाला वेगळी ठेवतात. अशी गिरणी पेठेत असेल तर तिथेच जा, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मात्र नको, रांग लागते आणि घाईत जाड-बारीक कुणी बघत नाही. वेगळी चक्की नसेल तर दुकान उघडल्या उघडल्या, पाटे झाडून घेतल्यावर पहिलं दळण आपलं टाकायला सांगायचं आणि सुरुवातीला दोन-तीन मुठी वरी वेगळी दळून घ्यायची. ती पाटे साफ करते. ते पीठ उपवासाला वापरायचं नाही, धिरड्याला संपवायचं. पाऊण किलोचं दळण म्हटलं की गिरणीवाला तोंड वाकडं करतो, आणि त्याचंही खोटं नाही, एवढ्याशा दळणातलं बरंचसं पीठ पाट्यांतच राहतं. शेजारच्या घराबरोबर मिळून दीड-दोन किलो करणं दोघांच्याही फायद्याचं.

घरघंटी असेल तर हा सगळा प्रश्न मिटतो. धान्य घालायची जागा आणि पिठाचा डबा ब्रशने झाडून, थोडी वरी फिरवून मग भाजणी घालायची. जाळी फार बारीक लावू नका. मिक्सरवर होते, पण साबुदाणा मिक्सरमध्ये तापतो आणि पीठ एकसारखं येत नाही. दोनदा चाळून वरचं परत फिरवावं लागतं.

दळण किती बारीक असावं? भाकरीच्या पिठापेक्षा किंचित रवाळ. मैद्यासारखं झालं तर पाणी पडताच लगदा होतो आणि तव्याला चिकटतं. फार जाड राहिलं तर अर्धा तास भिजवूनही मधे कोरडं राहतं.

भाजणी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. राजगिऱ्यात सुमारे ७ टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे ही भाजणी तांदळाच्या पिठासारखी महिनोन् महिने टिकत नाही. थंडी-उन्हाळ्यात दीड महिना, पावसाळ्यात तीन आठवडे, त्यानंतर फ्रिजमध्येच. ओला चमचा आत गेला तर तेवढंही नाही.

थालीपिठाचं माप, पाच इंची चार थालीपिठांचं: भाजणी १५० ग्रॅम, उकडलेला मध्यम बटाटा एक (सोलून साधारण १२० ग्रॅम), शेंगदाण्याचं कूट तीन मोठे चमचे, हिरव्या मिरच्या तीन, जिरे अर्धा चमचा, सैंधव पाऊण चमचा, पाणी १०० मिलिलिटरच्या आसपास. बटाटा गरम असतानाच किसणीवर किसा. हाताने कुस्करला तर गाठी राहतात आणि थापताना नेमकी तिथेच चीर पडते. मिरची जिऱ्याबरोबर वाटून घाला. चिरलेले तुकडे थालीपीठ फाडतात. कोथिंबीर घरच्या रीतीप्रमाणे. आपल्याकडे तिखटाचा हात सहज डब्याकडे जातो, पण कोल्हापुरी चटणीत कांदा-लसूण असतो, ती उपवासाला बाद. तिखटपणा हवा तर मिरच्या वाढवा, नाहीतर काही घरांत चालतं तसं नुसतं लाल तिखट.

पाणी एकदम ओतायचं नाही. आधी ८० मिलिलिटर घालून कालवा, १५ मिनिटं झाकून ठेवा, मग बघा. भाजलेलं पिष्ट पाणी सावकाश पितं. सुरुवातीला सैल वाटणारं पीठ पंधरा मिनिटांनी घट्ट होतं, आणि घाई करून भाजणी वाढवली असेल तर तेच दगड होतं. उरलेलं पाणी आता घाला. पुड्यातल्या साबुदाणा-बहुल भाजणीला २०-२५ मिलिलिटर जास्त लागतं. पीठ भाकरीच्या पिठापेक्षा मऊ, पण हाताला न चिकटणारं हवं. बटाट्याऐवजी काकडीचा कीस घालणार असाल तर पाणी आधी घालूच नका. किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, सुटलेल्या पाण्यातच भाजणी भिजवा. काकडीचं थालीपीठ हलकं होतं, पण लवकर तुटतं, म्हणून लहान थापा.

तवा बिडाचा असेल तर उत्तम. ओल्या रुमालावर थापायचं, मधे एक आणि भोवती चार भोकं पाडायची, तव्यावर थोडं शेंगतेल किंवा तूप सोडून रुमालासकट उलटं टाकायचं आणि कापड हलकेच सोलून घ्यायचं. कापड नीट ओलं नसलं तर थालीपिठाचा पापुद्रा कापडाबरोबर येतो. जाडी पाव इंचापेक्षा जास्त नको. भोकांत अर्धा चमचा तेल सोडा, झाकण ठेवा, मंद-मध्यम आचेवर चार मिनिटं. कडा सुटून आपोआप हलायला लागल्याशिवाय उलथनं लावू नका. चिकटलं म्हणून ओढलं की तुटतं, आणखी मिनिटभर थांबलं तर स्वतःच सुटतं. उलटल्यावर झाकण नाही, दोन-तीन मिनिटं. दुसऱ्या बाजूलाही झाकण ठेवलं तर वाफेने खालची खरपूस बाजू मऊ पडते, सगळी मेहनत वाया.

तिन्ही भाजण्या इथे शेजारी ठेवल्या तर पुड्याचं थालीपीठ तव्यावरून उतरताना सर्वांत देखणं दिसतं, एकसारखं गोल, कुठे चीर नाही. पंधरा मिनिटांत मात्र ते चिवट होतं आणि ताटात वाकवलं तर वाकतं, तुटत नाही. गिरणीवरच्या भाजणीचं थालीपीठ कडेला थोडं ओबडधोबड राहतं, पण गार झाल्यावरही बोटाने सहज मोडतं आणि भाजलेल्या राजगिऱ्याचा वास टिकून असतो. सुट्या भाजणीचा भरवसा नाही. एक पाकीट सुरेख, पुढचं पाणचट. कारण करणाऱ्याचं प्रमाण त्या दिवशी जे धान्य स्वस्त असेल त्यावर ठरतं.

पैशांचा हिशोब करायचा तर दळणावळ धरूनही घरची भाजणी किलोमागे पुड्यापेक्षा स्वस्तच पडते. खर्च होतो तो वेळ. भाजायला तास, गार व्हायला दोन तास, गिरणीचा हेलपाटा. ज्यांच्याकडे श्रावणापासून नवरात्रापर्यंत उपवासांची माळ असते त्यांना हा खटाटोप परवडतो. ज्यांचा कधीमधी उपवास, त्यांनी पुडा आणून राजगिऱ्याचं पीठ मिसळावं आणि सोबत म्हशीच्या दुधाचं घट्ट दही घ्यावं, कुणाच्या लक्षातही येणार नाही.

भिजवलेलं पीठ उरलं तर रात्रभर ठेवू नका. बटाट्यामुळे ते पाणी सोडतं, आंबूस होतं आणि सकाळी भाजणी घालून घट्ट केलं तरी थालीपीठ गिचकं होतं. त्याच दिवशी त्याचे चपटे छोटे वडे थापून मध्यम आचेवर तळून टाका. तेल जास्त तापलेलं असेल तर वरून लाल आणि आत कच्चे राहतात, म्हणून पहिला एकच वडा सोडून बघायचा.